भोरड्यांचा म्होरक्या

कंपनीची बस पलीकडे, आणि कर्वेनगरच्या चौकात वाहनं काही थांबेनात. नम्रता ताटकळली होती. शेजारी लोणी काळभोरचे आबा आणि त्यांची इंजिनिअर लेक. वर आभाळात भोरड्यांचा थवा वळला.

"दीपाली, समद्या एकदम वळत्यात. म्होरक्या कोण हाय?"

"कुणीच नाही, आबा. प्रत्येक भोरडी फक्त शेजारच्या सहा-सात जणींकडे बघते. आम्ही कॉम्प्युटरवर करून बघितलंय."

"आन् पहिली कशापायी वळती?"

"उगाच. जराशी हलली तरी पुरतं."

"मग आपुन कवा जायचं पल्याड?"

"शेजारच्या बाई निघाल्या की."

नम्रताने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"निघाल्या. चला, आबा."

मागून आठ-दहा जण लोटले. नम्रता सर्वांत पुढे. रिक्षा चक्क थांबल्या.

"बघ पोरी," मागून आबा म्हणाले, "म्होरकी असतीच."