विष्णुपंतांची पिपेट

...आता हेडमास्तरांनी तरी काय करायचं, विज्ञानाचे मास्तर ऐन जूनमध्ये कारखान्यात नोकरी लागली म्हणून निघून गेले, तर त्यांनी रसायनाचं पुस्तक उचललं आणि दिलं कुणाच्या हातात? विष्णुपंतांच्या. तुम्हाला सांगतो, विष्णुपंत म्हणजे अंबरनाथच्या आमच्या शाळेतले संस्कृतचे मास्तर. धोतर, काळी टोपी, शाळेतलं पाणीसुद्धा चालायचं नाही, तांब्या घरून यायचा. साल एक्कावन्न. पंत म्हणाले, "अहो श्रीपादराव, मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही." तर हेडमास्तर श्रीपादराव म्हणतात, "पंत, तेही पाठांतर, हेही पाठांतर. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर येणार. मास्तर नसला तर विज्ञानाचा वर्ग बंद. चाळीस मुलं कल्याणला धाडायची का?" पंतांनी पुस्तक काखेत मारलं.

मुंबईहून खोकं आलं. गवतात गुंडाळलेला एक तराजू, काचेचं एक उंच मोजपात्र आणि दोन पिपेटी. पंतांनी पुस्तक उघडलं आणि चौथ्या ओळीवर थबकले. पिपेट म्हणजे मधे पोट फुगलेली काचेची नळी, तिचं एक टोक द्रवात बुडवायचं आणि दुसरं... दुसरं तोंडात धरून ओढायचं. सगळ्यांनी तीच नळी, म्हणजे चाळीस मुलांची उष्टी. पण पिपेट तोंडाला लावावीच लागते, त्याला कोण काय करणार?

म्हणून पंतांनी ती कपाटात टाकली आणि मोजपात्रापासून सुरुवात केली. पाणी ओतलं, पात्र टेबलावर ठेवलं, वरून डोकावून जाहीर केलं, "पन्नास सीसी." तर दारातून आवाज आला, "साईं, अड़तालीस है." कोण? शिपाई लीलाराम, घंटेची हातोडी हातात तशीच. हा लीलाराम सिंधमधल्या हैदराबादला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं होता, फाळणीत इकडे आला, उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीतली अर्धी खोली मिळाली आणि आमच्याकडे घंटा वाजवायला लागला. म्हणाला, "पानी बीच में झुकता है. उसका पेट देखो, और आँख सामने लाओ." पंतांचे कान लाल. "जा, घंटा वाजव," म्हणाले. तो गेला. पण वर्ग रिकामा झाल्यावर पंत धोतर सावरून टेबलापुढे उकिडवे बसले, डोळा पाण्याच्या रेषेत आणला, आणि बघतात तर काय, अठ्ठेचाळीस.

दुसऱ्या दिवशी पंत आपणहून घंटेपाशी गेले. "लीलाराम, साडेचारनंतर जरा येशील का?"

तेव्हापासून रोज शाळा सुटली की हे दोघे. तराजूची वजनं हाताने नाही, चिमट्याने उचलायची, काटा थांबेपर्यंत श्वास आवरायचा. मग भांडी धुवायला वालधुनी नदीवर जायचे, तेव्हा वालधुनीचं पाणी असं निवळशंख की तळातले खडे मोजावेत, आज तिचं गटार झालंय, सांगितलं तर लोक हसतात. सगळं जमलं, राहता राहिली पिपेट, आणि पिपेट तोंडाला लावावीच लागते! पंतांनी काय करावं? दोनांतली एक घरी नेली, धुतली, देवघरात ठेवली आणि रोज रेशमी वस्त्रात गुंडाळून शाळेत आणायला लागले. त्यांच्या बायको, माई, म्हणाल्या, "शेवटच्या घटकेला गंगेचं पाणी तोंडात घालायला आणलीत का?" लीलारामने ते रेशीम पाहिलं, हसला नाही.

पंत शेवटचा थेंब फुंकून पाडायचे. लीलारामने हात धरला. "फूँको मत, साईं. नोक काँच को लगाओ, जितना आए आने दो. जो पीछे रह गया, वो बनाने वाले ने पहले ही गिन लिया है." एवढं बोलला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. पंतांनी हळूच विचारलं, "तुमचं कोण राहिलं मागे?"

"बहन. बोली, भैंस ब्याने वाली है, बाद में आती हूँ."

"आल्या का मग?"

लीलाराम पिपेट धुवायला घेऊन गेला.

इन्स्पेक्टर आले. भिंतीला टेकून श्रीपादराव, दारात लीलाराम. इन्स्पेक्टर म्हणाले, "या सोड्याच्या पाण्यातलं दहा सीसी काढून दाखवा." पंतांनी रेशीम सोडलं. इन्स्पेक्टरांनी नळी हातात घेतली, टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "टोक फुटलंय. दुसरी घ्या." दुसरी म्हणजे वर्गाची. चाळीस मुलांची उष्टी, आणि सकाळीच ती तोंडाने ओढून तपासणाऱ्या लीलारामचीही. पहिल्या बाकावरच्या वेणूने तर डोळेच मिटले. लीलाराम पुढे आला आणि सदऱ्याच्या टोकाने नळीचं तोंड पुसायला लागला. पंत म्हणाले, "राहू द्या." आणि लावली की हो तोंडाला. पहिल्या खेपेला जोर जास्त झाला, घोटभर सोडा तोंडात, इन्स्पेक्टरांसमोर थुंकणार कुठे, गिळला बिचाऱ्यांनी. दुसऱ्या खेपेला बरोबर खुणेपाशी बोट दाबलं, उकिडवे बसून रेषा पाहिली, पाणी सोडलं, नोक काचेला टेकवली. आणि फुंकलं नाही.

"कुठे शिकलात?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"यांच्याकडे," पंत म्हणाले. "लीलाराम. माझे गुरू." श्रीपादरावांना जो ठसका लागला तो मधल्या सुट्टीपर्यंत. घरी जाऊन पंतांनी आंघोळ केली का? नाही. पोट बिघडलं तेवढं दोन दिवस.

महिन्याने कागद आला. वर्ग मंजूर. लीलारामला प्रयोगशाळेत घेतलं, पण घंटाही त्याच्याच गळ्यात ठेवली. आणि खाली पंतांबद्दल एक ओळ, की यांचं कौशल्य पाहता नव्या विज्ञान शिक्षकाची गरज दिसत नाही. झालं. निवृत्त होईपर्यंत सतरा वर्षं पंत रसायनच शिकवत राहिले. मग संस्कृत कोणी शिकवलं, म्हणता? ड्रॉइंगच्या मास्तरांनी. त्यामुळे आमच्या अख्ख्या वर्गाला आजतागायत 'देवः देवौ देवाः' असा देव चालवता येत नाही, काढता मात्र झकास येतो.