बिजलीनाथाची पोथी

पुरवणी जबाब

मी, काकासाहेब रामकिसन बोडखे, वय ५४ वर्षे, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी द्वारकाबाई हिच्यासह राहतो. मला सुपरहिरोंची जुनी कॉमिक्स जमवण्याचा छंद आहे. माझ्या मागील जबाबात हवालदार बन्सी काळे यांनी 'वेड' असे लिहिले होते. तो शब्द माझ्या पत्नीचा होता, माझा नव्हता. तो दुरुस्त करावा.

माझ्या संग्रहात 'बिजलीनाथ' या मराठी कॉमिक्सचा अंक पहिला आहे. बिजलीनाथ हा वीज मंडळात नोकरीस असून अंगावर वीज पडूनही तो मरत नाही, उलट त्याच्या हातातून विजा निघू लागतात. सदर कॉमिक्सचे प्रकाशक फार पूर्वी बंद पडले असून पहिला अंक माझ्या माहितीप्रमाणे मराठवाड्यात दुसऱ्या कोणाकडेही नाही. अंकाला एकही घडी नव्हती. मुखपृष्ठाचा निळा रंग दुकानातून कालच आणावा तसा होता.

हा अंक मी वर्षातून एकदा बाहेर काढतो. त्यापूर्वी मी आंघोळ करतो, हात साबणाने धुऊन कोरडे करतो आणि तोंडाला रुमाल बांधतो. अंक पाटावर स्वच्छ पंचा अंथरून ठेवतो. कपाटात कसर लागू नये म्हणून कापूर असतो. त्या वेळी घरात कोणी खाऊ नये, मोठ्याने बोलू नये आणि मांडी घालून बसल्याशिवाय जवळ येऊ नये असा माझा नियम आहे. पान उलटताना श्वास रोखून धरावा लागतो. यात हसण्यासारखे काही नाही, असे मी मागील वेळीही सांगितले होते.

अलीकडे माझी आई मनकर्णाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहून गेली. ती गावी परतल्यानंतर मी कपाट उघडले असता बिजलीनाथ जागेवर नव्हता. मला घेरी आली. पत्नीने पाणी पाजले व 'एक पुस्तक गेलं तर घर तरी झाडता येईल' असे म्हटले. तिच्याशी मी अद्याप बोलत नाही.

माझा संशय तात्यासाहेब मगर यांच्यावर होता. ते माझे जुने स्नेही असून त्यांची औरंगपुऱ्यात रसवंती आहे. त्यांच्याकडे बिजलीनाथचा अंक दुसरा आहे. पहिला अंक एकदा हातात द्या, अशी विनंती ते मला कित्येक वर्षे करीत होते. रसवंतीवाल्याचे हात किती चिकट असतात हे पोलिसांना सांगायला नको, म्हणून मी नकार देत आलो. आईला पाहायला ते उसाचा रस घेऊन आमच्या घरी आले होते व कपाटाकडे पाहत होते. एवढ्यावरून मी त्यांच्या नावाने तक्रार दिली.

हवालदार काळे यांनी त्यांना बोलावले असता ते म्हणाले, "काकासाहेब, पहिला वाचल्याबिगर दुसरा उघडायचा नाय म्हणून मी आजवर तो तसाच ठेवलाय. चोरायची बुद्धी असती तर माझ्याच घरातला आधी वाचला नसता का?" या बोलण्याने माझी खात्री पटायला हवी होती. परंतु मी चिडलेलो होतो.

त्यानंतर आईचा फोन आला. ती म्हणाली, "ती तुझ्या नाथाची पोथी मी घेऊन आले बरं का. श्रावणात वाचायला. तुला इचारलं व्हतं, तू काचा घासत 'ने, ने' म्हणलास. आता पुढचा अध्याय घेऊन ये. बाया खोळंबल्यात." मी विचारले, कोणती पोथी? ती म्हणाली, "ती कापरातली."

मी तक्रार दिलेली असल्याने हवालदार काळे म्हणाले की, मुद्देमाल समक्ष ताब्यात घ्यावा लागेल. ओळख पटवण्यासाठी नमुना म्हणून त्यांनी तात्यासाहेबांना अंक दुसरा घेऊन सोबत यायला सांगितले. आम्ही तिघे भाड्याच्या गाडीने देवगाव रंगारीला गेलो. रस्त्यात तात्यासाहेब माझ्याशी बोलले नाहीत. वेरूळच्या रस्त्याने जावे की दुसऱ्या, हेही त्यांनी हवालदारांनाच विचारले.

घरी पोहोचलो तेव्हा ओसरीवर बाया बसलेल्या होत्या. मेंढरांमागून थेट आलेली शेजारची बानाबाई काठीसह पुढे होती. देव्हाऱ्यात, लाल कापडावर, बिजलीनाथ अंक पहिला होता. मुखपृष्ठावर बिजलीनाथाच्या कपाळाला हळदकुंकू लावलेले होते. पानांत खूण म्हणून तुळशीची पाने होती. मलपृष्ठावर समईच्या तेलाचा थेंब पसरला होता. मला रडू आले. हे लिहू नका असे मी सांगितले होते, परंतु हवालदारांनी ते स्वतः पाहिल्यामुळे त्यांचा नाइलाज आहे.

मी आईला म्हणालो की, ही पोथी नाही, हे कॉमिक्स आहे. ती म्हणाली, "मग तू आंघोळ करून, तोंड बांधून, कापूर लावून त्याच्यापुढं काय करत बसतो?" हा प्रश्न हवालदार काळे यांनी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला.

आईने मी दिलेला नवा चष्मा लावून आम्हाला चित्रे दाखवली. ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकलेली असून एकेक शब्द जोडून वाचते. ती म्हणाली, "अंगावर वीज पडून बी मेला नाय, म्हंजी सिद्धपुरुषच. पाठीला छाटी हाय. लंगोट तर बग, वरून नेसलाय, इतका इरागी माणूस. आणि पोथ्या आता चित्राच्या निघाल्या ते लई बेस झालं, म्हाताऱ्या माणसाला दिसतं तरी." सदर लंगोटाबाबत मी खुलासा करू पाहिला, तो कोणी ऐकला नाही.

अंक पहिल्याच्या शेवटच्या पानावर प्रोफेसर काजळे हा खलनायक बिजलीनाथाला धरणाच्या भिंतीवरून साखळीने उलटा टांगतो आणि खाली 'वाचेल का बिजलीनाथ? वाचा अंक दुसरा' असे छापलेले आहे. बायांची अडचण तीच होती. बानाबाई म्हणाली, "नाथाला असा उलटा टांगून कुणी पारायण संपवतं व्हय? आमच्या घशाखाली घास उतरंना." तात्यासाहेबांच्या पिशवीत पुढचा अध्याय आहे हे हवालदारांनी सांगून टाकले. ते सांगण्याची गरज नव्हती.

सगळ्यांनी तात्यासाहेबांकडे पाहिले. ते म्हणाले, "माझा नेम हाय, मावशी. पहिला वाचल्याबिगर दुसरा उघडायचा नाय." आईने विचारले, मग पहिला का नाही वाचला? तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते फक्त म्हणाले, "मिळाला नाय." आईने लगेच देव्हाऱ्यातून अंक काढून त्यांच्यापुढे केला व "हात तेवढे धुऊन घ्या, बाबा," असे सांगितले. त्यांनी रांजणाजवळ जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मी अडवले नाही. ते बोटाला थुंकी न लावता, पानाच्या वरच्या कोपऱ्याने, माझ्यापेक्षा हळू वाचत होते. शेवटचे पान संपल्यावर त्यांनी अंक कपाळाला लावला. हळदकुंकू त्यांच्या कपाळाला लागले. मला माझी लाज वाटली.

नंतर त्यांनी अंक दुसरा मोठ्याने वाचला. खरे सांगायचे तर लहानपणी मलाही तो कधी मिळाला नव्हता आणि मोठेपणी त्यांच्याकडे मागायची लाज वाटली. त्यामुळे मीही बायांच्या मागे बसून ऐकले. ऐन साखळी तुटायच्या वेळी हवालदार काळे यांना साहेबांचा फोन आल्याने त्यांना अंगणात जावे लागले. ते परत आले तोवर आरती सुरू झाली होती.

आरतीनंतर हवालदारांनी पिशवीतून गोंद, लेबल व लाख काढली. अंकावर लेबल चिकटवून पंचांच्या सह्या घ्याव्या लागतील व तो मुद्देमाल खोलीत राहील, असे ते म्हणाले. आई म्हणाली, "देवाच्या पोथीला डिंक लावतो व्हय रं?" बानाबाईने काठी हातात घेतली, परंतु ती उगारली नाही. तसा उल्लेख कोठेही करू नये.

मी म्हणालो की, माझी तक्रार नाही. हवालदार म्हणाले, तसा जबाब ठाण्यात येऊन द्या आणि वस्तू घरी न्या. मी अंक उचलायला गेलो तेव्हा आई म्हणाली, "ने बाबा, तुझीच हाय. पर तिकडं ती कुणी वाचतं का?"

कोणी वाचत नाही. घडी पडेल या भीतीने मी स्वतःही शेवटचे पान कधी पूर्ण उघडत नाही. तेलाच्या डागाचे म्हणाल तर आता संग्राहकांच्या दृष्टीने त्या अंकाला अर्थ उरलेला नाही. तरी तो सोडून येताना मी वेशीपर्यंत मागे वळून पाहत होतो. तात्यासाहेबांनी आपला अंक दुसराही देव्हाऱ्यातच ठेवला. येताना ते म्हणाले, "जोडी मोडू नये," आणि चालकाला वेरूळच्या रस्त्याने गाडी घ्यायला सांगितली, कारण मला तो रस्ता आवडतो हे त्यांना माहीत आहे.

आज जबाब घेण्यापूर्वी हवालदार काळे यांनी 'साखळी तुटली का?' असा प्रश्न केला. तुटली. परंतु अंक दुसऱ्याच्या शेवटी बिजलीनाथ आगगाडीसमोर उभा आहे. तिसरा अंक कोणाकडे आहे याबाबत मला माहिती नाही. कोणास आढळल्यास देवगाव रंगारी येथे कळवावे, बाया खोळंबल्या आहेत.

तरी तात्यासाहेब मगर यांच्यावर माझा कोणताही संशय नाही. माझी चोरी झालेली नाही. सदर पोथी माझ्या आईची आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. फक्त त्याच्या शेवटच्या ओळीत 'कॉमिक्स' असे आले होते, ते खोडून 'पोथी' केले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

जबाब देणार
काकासाहेब रामकिसन बोडखे

समक्ष
हवालदार बन्सी काळे