मुठीचा तांदूळ

बहात्तर साल, धान्य महागलेलं. नागपूरच्या सिटी बसमध्ये पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या, पायाशी तांदळाचं पोतं. त्यांच्या वस्तीतल्या बाया रांधायच्या आधी रोज एक मूठ तांदूळ काढून ठेवत, कॉलेजात शिकणाऱ्या पोरींच्या वसतिगृहासाठी. मागच्या बाकावर बसलेली प्रेमिला त्याच वसतिगृहात राहायची; रोज तोच भात जेवायची, कच्चा लागला की टाकून द्यायची.

"माय, त्या पोरी म्हणतेत, भात अर्धा शिजते अन् अर्धा कच्चाच राहते."

"घरोघरचा तांदूळ वं पोरी, एकसारखा कसा शिजन?"

"आपले आख्खे दाणे तिकडं, अन् आपल्या ताटात कण्या."

"कण्या लवकर शिजतेत. लाकडं वाचतेत."

"या साली मॅट्रिक झाली की मलेबी धाडशीन न कॉलेजात?"

मायनं पोतं पायानं बाकाखाली सरकवलं.

"बोल न वं, माय."

"म्या कामावर जातो. तू गेली तं घरोघरची मूठ कोण गोळा करन?"

पोरगी पोत्याची सुतळी घट्ट करत म्हणाली,

"मंग त्या पोरीइले एवढं तरी सांग, कच्चा राह्यला तं पुन्हा शिजवा म्हणा. फेकू नोका."

वसतिगृह अजून लांब होतं. तरी प्रेमिला सीताबर्डीलाच उतरली.