शेवटच्या थांब्याच्या पलीकडे

हॅलो? … हां, बोल गं. … नाही, कामात कसली. शिलाई मशीन बंद करून खिडकीत बसलेय. गाडी बघतेय.

हो, आणली. काल. … अगं ऐक ना… धाकटी बहीण आहेस, सासूसारखी नको बोलूस.

जुनीच आहे, पण फोर बाय फोर. चारही चाकं ओढतात. … वाळूसाठी गं. साधी गाडी रुतते.

कुठली वाळू काय? तुझ्या भावोजींनी जन्मभर बस चालवली, त्या रूटचा शेवटचा थांबा नदीकाठी ना? तिथे रस्ताच संपतो. पुढे कोरडं पात्र, पलीकडे गवताचा माळ. रोज तिथवर जायचं, बस वळवायची, परत यायचं. पलीकडे काय आहे, कधी बघितलंच नाही त्यांनी. रिटायर झालो की बघू, म्हणायचे.

हो… हो, खुब्याचं ऑपरेशन झालंय, माहितीये मला. … तेच तर. तेव्हापासून माणूस घराबाहेर पडत नाही. चला म्हटलं की, तू जाऊन ये. बोलणंही हो-नाही एवढंच. मला त्याचीच भीती वाटते गं. पाय काय, बरा होईल.

म्हणून सगळी त्यांच्या मापाने करून घेतली. … हसू नकोस. दुपारी झोपले होते, तेव्हा टेप लावून माप घेतलं, गिऱ्हाइकाचं घेते तसं. मागे तेवढी फळी, वर गादी, खाली पाण्याची टाकी. पुढची सीट दारातून बाहेर वळते. बसायचं आणि आत फिरायचं.

फजिती एकच झाली. मिस्त्रीला म्हटलं, नदीत घालायचीय. त्याने ऐटीत गाडी वीतभर उंच करून ठेवली. … तेच ना, चढणार कसं? म्हटलं, उतरव. गॅरेजभर हसले. लोक गाड्या उंच करायला येतात, काकू खाली करायला आल्या. … हसेनात का.

चालवणार मीच. … शिकले. भाजीला जाते सांगून क्लासला जायचे. … भाजी येताना घ्यायचे, त्यात काय.

सारखं डोळ्यांसमोर येतं गं… पलीकडे गाडी लावलीय. मागचं दार उघडं. सगळं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलंय. हे उशीला टेकून पडलेत, मी स्टोव्हवर चहा ठेवलाय. घाई कसलीच नाही. बस वळवायची नाहीये. … हं. … कुणी बोलत नाहीये, पण ते गप्प बसणं निराळं.

काल दाखवली ना. खिडकीतूनच बघितली. "बरी आहे" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. … नाही, आग्रह नाही केला. … विकू? … बघ, थोडे दिवस वाट बघीन. नाहीच आले तर… नाहीच आले तर विकीन. कबूल.

थांब हं. खाली कुणीतरी गाडीचं दार उघडलं.

अगं, हेच आहेत. काठी घेऊन. जिना कधी उतरले? मला वाटलं आत झोपलेत. … नाही, हाक नाही मारत. तूही गप्प बस.

मागे गेले. फळीखाली वाकून बघतायत. … वर बघून काहीतरी म्हणतायत, खिडकी उघडते…

काय हो? … हो, मीच सांगितलं तिथे लावायला. … बरं. … बरं.

आहेस ना गं? म्हणतात, पाण्याची टाकी पार मागे कुणी लावली? भरली की मागची चाकं वाळूत बसतील. सीटच्या पाठीशी घ्यायला हवी. … अगं, चिडलेत. चांगले चिडलेत. मिस्त्रीला आणि मला, दोघांनाही वेड्यात काढलं. किती दिवसांनी एवढं बोलले गं.

नाही, रडत नाहीये. … बरं, रडतेय.

सीट वळवली… बसले. हळू, हळू… फिरले आत. म्हणतात, गॅरेज बंद व्हायच्या आत चल, टाकी हलवून घेऊ.

ठेव आता. पॅसेंजर खोळंबलाय.