उलटा चढलेला घाट

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. मेकॅनिक हात पुसत त्यांच्यापाशी आला.

“गिअरबॉक्स उघडला. ऑइल जळून काळं झालंय, पुढे जाणाऱ्या गिअरच्या प्लेटा पार गेल्यात. फक्त रिव्हर्स शाबूत आहे. मग त्या दिवशी व्हॅन दवाखान्यात पोचली कशी?”

“सासूबाईंनी नेली. मला कळा सुटलेल्या, आणि घाटात गाडी पुढे जाईचना.”

“मग उतारावर घरंगळू देत तोंड खाली वळवून घेतलं,” सासू म्हणाली, “आणि उलटी चढवली.”

“अख्खा घाट?”

“दुसरं काय करणार होते, बाबा?”

“आजी, माझा जन्म गाड्यांत गेला. मला नसतं जमलं. भीती नाही वाटली?”

“वाटली की.”

“मला नाही कळलं ते,” सून म्हणाली. “मी मागच्या सीटवर आडवी. ह्या मागे वळून चालवत होत्या, त्यामुळे सगळी वाट ह्यांचा चेहरा माझ्यासमोर.”

“अगं, मी मागच्या काचेतून रस्ता बघत होते.”

“असू दे. मला वाटलं माझ्याकडे बघताय. त्यावरच तर धीर धरला मी.”