लग्नाच्या गाडीची जुनी फिलम

—न्हाई न्हाई, नख लावू नका! हात काढा आधी. ती काय केळीची साल हाय व्हय, कोपरा धरला अन् चरकन ओढली? थंड फिलम ओढली की ती एकटी येत न्हाई, खालचा रंग घेऊन येती — मग बॉनेटवर हे एवढाले चट्टे. बसा तुमी तिकडं, फॅनखाली. मोहनसिंगच म्हणालात नव्हं नाव? सेनगावहून निघालात, नांदेडला जायचं होतं, इथं वसमतच्या रस्त्यावर माझी पाटी दिसली म्हणून थांबलात. बरं केलं. बरं केलं का वाईट केलं, ते मला बी कळून न्हाई राहिलं. मालकानं सांगितलं, रंगावरची काचेसारखी फिलम पिवळी पडली, काढून आण, लग्नात गाडी नव्यासारखी दिसली पाहिजे. दिसंल. का न्हाई दिसणार? हे बघा, गरम हवा अशी लांबून मारायची, एका जागी थांबायचं न्हाई, हाताला सोसंल इतकीच. मग कोपरा उचलायचा — प्लास्टिकच्या पट्टीनं, लोखंड लावायचं न्हाई — अन् ओढायची ती वर न्हाई, मागं, गाडीला चिकटून, हळू… झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून ओलं दुपटं काढतात न, तशी. त्याला जाग आली न्हाई पाहिजे.

सात वर्षं टिकली, म्हणजे फिलम चांगली होती. — मला काहून माहीत? मीच लावली हो. ह्याच शेडात, ह्याच हातानं. नंबर बघितला तवाच वळखली म्या गाडी. नंबर कशाला, तुमी वळणावर हॉर्न दिला तवाच. तुमचे मालक… माझे दाजी. होते. — उठू नका, बसा. तुमी नवीन ड्रायव्हर, तुमाला कोण सांगणार? त्यांच्या घरात आता आमचं नाव बी कोणी काढत नसंल.

माझी धाकटी बहीण, शिवकन्या. तिच्या लग्नात बापानं ही गाडी दिली. आमच्या बापाला, संतरामला, गाडी चालवता येत न्हाई, पण पोरगी हिच्यात बसून जाईल ह्याचाच लई आनंद त्याला. मी नुकतंच पुण्याहून हे काम शिकून आलो होतो. म्हणलं, बापानं गाडी दिली, भावानं काय द्यायचं? तर ही फिलम. हळद लागायच्या आदल्या दिवशी लावत होतो, अन् ती इथं पायरीवर बसून बोट दाखवायची — दादा, इथं बुडबुडा राहिला. दादा, तिथं राहिला. म्हणलं, अगं माय, तू नवरी हायस का इन्स्पेक्टर? हासायची. लई हासायची तवा.

दाजी माणूस वाईट न्हाई, हे बी सांगतो. शिवी दिली न्हाई तिला कधी, हात उचलला न्हाई. दोघं ह्याच गाडीत सिद्धेश्वरच्या धरणावर जायचे, तिथले मासे आणायचे अन् येता येता आमाला देऊन जायचे. पण लेकरू झालं न्हाई. दोन वर्षं गेले, तीन गेले — मग सासूचं सुरू झालं. हा नवस, तो उपास, ह्या बाबाचा अंगारा, त्या बाईचा काढा. वटीभरणाला बोलवायचे न्हाईत तिला. शेजारणीचं बाळ पाळण्यात घालायचं असलं की हिला सांगायचे, तू सैपाकाचं बघ. सगळं सोसून राहिली. फोनवर विचारलं तर म्हणायची, मजेत हाय दादा, तुझी गाडी बी मजेत हाय.

सरका थोडं, दाराकडं येतो. हे बघा, मुठीपाशी — उजेडात या, तिथून दिसणार न्हाई. हे बारीक बारीक ओरखडे दिसले का? ड्रायव्हरच्या शेजारच्या दारालाच हायत, दुसऱ्या कोणत्या दाराला न्हाईत. काचेच्या बांगड्यांचे हायत हे. दार उघडताना घासायच्या तिच्या बांगड्या. सगळे फिलमवर उठले. आता बघा — गरम केली — उचलली — आली. खाली काय हाय? काही न्हाई. कोरा रंग. जशी कोणी बाई ह्या दारातून कधी चढली न्हाई, उतरली न्हाई. काम चांगलं झालं म्हणतात ह्याला, मोहनसिंग. आमच्या धंद्यात ह्यालाच चांगलं काम म्हणतात.

— कोणाचा दोष? तेच तर… जाऊ द्या. न्हाई, तुमी विचारलंच हाय तर… नांदेडला एका दवाखान्यात दोघांच्या तपासण्या झाल्या. दाजीच्या अंगात ताप होता म्हणून त्या दिवशी गाडी मी चालवली. डॉक्टरनं दोघांना आत बोलावलं. आधी दाजी बाहेर आले, येऊन मागच्या सीटवर बसले, अन् तोंडावर रुमाल धरून लेकरावानी रडायला लागले. म्हणाले, शिवशंकर, माझ्यातच हाय. तिच्यात काही न्हाई, सगळं माझ्यातच हाय. आता आईला कोणतं तोंड दाखवू? म्या पाण्याची बाटली दिली. तितक्यात ही पायऱ्या उतरून आली, कानाला फोन लावलेला. सासूला सांगून राहिली होती — व्हय आत्याबाई, डॉक्टर म्हणाले माझ्यातच दोष हाय.

दाजीनं ऐकलं. रुमाल खाली घेतला, तिच्याकडं बघितलं, अन् पुन्हा तोंडावर धरला. एका शब्दानं न्हाई म्हणले न्हाईत. तवा न्हाई, नंतर न्हाई, फारकतीच्या वक्ताला कोर्टात बी न्हाई. मान खाली घालून सही केली. अन् हिनं त्या रोजच, पेट्रोल पंपावर गाडी थांबवली तिथं, माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. दादा, माझी शपथ हाय. बाप्या माणसाची इज्जत एकदा गेली की तो जगत न्हाई. बाईला सवय असती. म्हणलं, कसली सवय गं? कसली सवय? तर म्हणती, चल, उन्हं उतरली.

मायीला बी सांगितलं न्हाई म्या. आमची माय, मंजुळाबाई, मरेपर्यंत पोरीची वटी भरावी म्हणून उपास धरून राहिली, अन् मी बाजूला बसून तिला साबुदाणा द्यायचो. अन् आज तुमाला, रस्त्यानं चाललेल्या माणसाला… काहून सांगितलं म्या? तुमी ऐकलं न्हाई असं समजा.

— व्हय. तीच. मघा तुमाला चहा आणून दिला ती बाई. तुमी विचारत होतात न, घरची हाय का म्हणून? तीच. हॉर्न वाजला तवा कणीक मळून राहिली होती, तशीच उठली, पिठाचे हात घेऊन खिडकीत. मी हीट गन हातात घेतली होती — खरं सांगतो, मनात पाप होतं. आच जरा जास्त अन् एक झटका, इतकंच करायचं होतं. बॉनेटचा रंग असा सोलून निघाला असता की वरातीत लोकांनी नवरदेवाला सोडून गाडीकडंच बघितलं असतं. अन् ही मागं येऊन उभी. म्हणती, नीट काढ दादा. वरखडा उठू देऊ नको. लग्नाची गाडी हाय. अन् तुमाला काय विचारलं तिनं, आठवतं? साहेब वक्तावर जेवतात का. तुमी म्हणालात, व्हय ताई, आता जेवण चांगलं चाललंय, लग्न जमलं तवापासून. हासून आत गेली ती. तुमाला हासणं दिसलं. अजून तवा चुलीवर चढला न्हाई तिचा. माझे कान तिकडंच हायत.

बंपर राहिला. गम पुसला की झालं — मऊ फडक्यानं, गोल न्हाई, सरळ. घासायचं न्हाई.

दाजीची नवी नवरी जवळा बाजारची? — न्हाई, नाव नका सांगू. नावाशी मला काय करायचं? नाव कळलं की माणूस डोळ्यापुढं येतं, मग झोप लागत न्ह… सांगितलंच शेवटी. प्रियंका. बाप न्हाई म्हणता? रुख्मिणीबाईनं एकटीनं वाढवली. अन् परवा साखरपुड्याला गेलात तर त्या माऊलीनं डायवरला बी पंगतीत बसवलं, आग्रह करून वाढलं. बघा. आता तिला बी नवस. तिला बी अंगारा. पाळणा हालला की तिला बी सैपाकघर. अन् तिच्यात बी काही नसंल हो, तिच्यात बी काही… चहा राहू द्या तो, गार झाला. तुमच्या तोंडाची चव गेली, कळतं मला. माझी तीन वर्षांपासून गेली. मी जाऊन सांगू त्या माऊलीला? ज्या हातानं सांगायला दार वाजवीन, तोच हात तिच्या डोक्यावर ठेवलेला हाय. पण तुमचा हात तर कोणाच्या डोक्यावर —

आली. गप.

— काही न्हाई गं, गाडीचंच बोलून राहिलो. झाली. बघ, ये, फिरव हात. बॉनेटवरून फिरव… दारावरून… लागतं का कुठं बोटाला? न्हाई न? बुडबुडा बी न्हाई अन् वरखडा बी न्हाई. तू सांगितलं तशीच काढली. — अगं, पदरानं नको पुसू, फडकं हाय न इथं. पाव्हण्यापुढं असं… बस. बस तू पायरीवर.

मोहनसिंग, उठा तुमी. ताईला काही इचारू नका, काही बोलू नका. ही घ्या चावी. नांदेडला आता काय काम? इथूनच मागं फिरा. इथून औंढा. औंढ्यात चौक लागतो — सरळ गेलं की हिंगोली, पुढं तुमचं सेनगाव. डाव्या हाताला वळलं की जवळा बाजार. — माझ्याकडं काय बघता? गाडी तुमच्या हातात हाय. निघा.