मिरच्यांमधली वाट

आमच्या रेवाताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पाचही जागांवर खेळायच्या, हे मी लग्नात ऐकलं होतं. पाहिलं मात्र गच्चीवर.

ताईंना खेळायला बोलावू पाहणाऱ्या पोलंडच्या क्लबचा कोच व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “डाव्या हाताचा खेळ आत्ता दाखव, मगच करार.”

गच्चीभर सासूबाईंच्या भिवापुरी मिरच्या वाळत होत्या. मी फोन धरला. ताई मिरच्यांमधल्या हातभर वाटेतून डाव्या हाताने चेंडू आपटत धावल्या, वळल्या, परत आल्या.

तेवढ्यात सासूबाई वर आल्या. “काहून वं, माह्या मिरच्या तुडवून राहिली का?”

मग त्यांनी वाकून पाहिलं. एकही चिरडली नव्हती.

कोच म्हणाला, “बस! करार पाठवतो.”

“सूनबाई, थांब म्हण त्याले,” सासूबाई म्हणाल्या. “मिरच्या पसरलेल्याच आहेत, उजवा हातही पाहून घे म्हण!”